आक्काच्या आधी

११ फेब्रुवारी, रविवार

दिल्लीच्या खुरानाचा सकाळीच फोन. विमान अजून विकलेलं नाही. बेंगळूरच्या एका बांधकामवाल्याचं, चौदा वर्षं जुनं, दोन इंजिनं, सहा सीट. हा दलाल विमानाबद्दल मोटारसायकल विकल्यासारखा बोलतो. एकाच हाताखाली वापरलंय म्हणे. मग विचारलं, तुमच्या परभणीत धावपट्टी कुठल्या बाजूला? म्हटलं, नांदेडला. घरापासून किती लांब? दीड तास. तिकडे त्याने हिशेब मांडला. म्हणजे घर ते विमान दीड तास आणि विमान ते इंदूर एक तास. हसला नाही, एवढी मेहेरबानी.

सुनंदाला अजून सांगितलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही. "कशाला?" मी तोंडपाठ केलेलं म्हणून दाखवलं. बियाण्याचा धंदा चार राज्यांत, मोसमात एकेक दिवस मोलाचा, इंदूर, रायपूर, रेल्वेची वेळ जमत नाही वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. "आणि खरं कारण?"

खरं कारण इथे लिहायलाही लाज वाटते. आमच्याच धंद्यातला एकजण गेल्या वर्षी पोराच्या लग्नात हेलिकॉप्टरने उतरला. भाड्याचं होतं. मी खाली मांडवाजवळ हार घेऊन उभा. सगळी धूळ माझ्या सफारीवर. त्या दिवसापासून डोक्यात आहे. पन्नाशीचा माणूस, जिनिंग आहे, बियाणं कंपनी आहे, आणि डोक्यात हे.

६ मार्च, हैदराबाद

पाहिलं. हँगरमध्ये एका कोपऱ्यात उभं होतं. फोटोत दिसतं त्यापेक्षा लहान. आत सरळ उभं राहता येत नाही, वाकून चालावं लागतं. एवढे पैसे मोजून वाकायचं. शेवटच्या सीटची गादी उचलली की खाली संडास, आडोसा म्हणून पडदा. सीटचं कातडं दोन ठिकाणी तडकलेलं. पेल्यांवर जुन्या मालकाच्या नावाची अक्षरं कोरलेली, ती बदलून देणार.

आपल्या बाजूने तपासायला आणलेल्या इंजिनिअरने दिवसभर काय काय उघडून पाहिलं. मला एवढंच कळलं की गंज नाही, इंजिनं चांगली आहेत.

सीटवर बसून फोटो काढायची इच्छा झाली. मागायची लाज वाटली. इंजिनिअरनेच ओळखलं आणि फोन मागून घेतला. परतीच्या वाटेवर निजामाबाद येईपर्यंत तोच फोटो बघत होतो.

२२ मार्च

सौदा पक्का. आता कागदपत्रं, नावावर होणं, परवानग्या. खुराना म्हणतो महिना-दीड महिना.

बातमी फुटलीच. पाथरीचा आपला विक्रेता फोनवर, "शेठ, आता बियाण्याच्या पिशवीवर बैलाऐवजी विमान छापा." हसलो. सगळ्यांना एकच सांगतोय, मी नाही, कंपनीने घेतलंय. जशी काही कंपनी मला न विचारता बाजारात जाऊन घेऊन आली.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभी करतोय तोच आक्काचा फोन, येलदरीहून. ऋतुजाने आत्याला आधीच सांगून टाकलंय.

"वैजू, विमान घेतलास म्हणं."

"घ्यायलोय आक्का. कागदं व्हायचीत अजून."

"मग मला कवा यायचं ते सांग."

कशाला यायचं, हे विचारायचं कारणच नाही. आमच्या घरात नवं वाहन आलं की पहिली बसते ती घरची लेक. अप्पांनी पाडलेली रीत. राणीसावरगावला पहिली बैलगाडी आली तेव्हा आक्का नऊ वर्षांची, माझा जन्मही नव्हता. अप्पांनी तिला एकटीला गाडीत बसवलं, महादेवाच्या देवळापर्यंत नेलं, परत आणलं. ती उतरली आणि म्हणाली, "आता तुमचं." मग बाकीचे चढले. स्कूटर, जीप, पहिली मोटार, सगळं असंच. ट्रॅक्टर आला तेव्हा ती सासरी बाळंतीण होती. ट्रॅक्टर अंगणात उभा, पेरणी खोळंबलेली, पण अप्पांनी कुणाला चाकावर पाय ठेवू दिला नाही. तिला आणलं, बाळाला घेऊन ती ट्रॅक्टरवर बसली, मग पेरणी.

अप्पांच्या माघारी मीही पाळलं. आक्काच्या बोटावर आमच्या घरातली सगळी वाहनं मोजता येतील.

फोन ठेवल्यावर छान वाटलं. खरंच वाटलं, म्हणून लिहून ठेवतो.

१७ एप्रिल

वैमानिक ठेवले, कॅप्टन नायर. मितभाषी माणूस. म्हणाले, विमान हलकं आहे, प्रत्येकाचं वजन आधी कळवायचं, सामानाचंसुद्धा. अंदाजे चालत नाही.

आक्काला फोन केला. "वजन? कुणाचं, माझं?" मागे दाजींचं हसणं ऐकू आलं. संध्याकाळी तिचाच फोन. खताच्या दुकानात पोती मोजायच्या काट्यावर उभी राहून आली. "एकाहत्तर. पण त्येचा काटा जास्तीच दावतोय." आणि मग, "भाकरी कमी केलीय बघ मी. तुझ्या विमानाला जड नको."

सु.ला सांगितलं. दोघं पोट धरून हसलो.

३ मे

कागद झाले. विमान नांदेडला येईल. मठातल्या स्वामींनी अक्षय तृतीया सांगितली, दहा तारीख.

दुसरी गोष्ट. ऋ.साठी हैदराबादचं जे स्थळ चाललंय, ते लोक त्याच आठवड्यात येतायत. मूळचे लातूरकडचे, आता तिकडे कारखाना. मुलगा, आई, वडील. आपल्याकडे दोन दिवस राहणार. वडील फोनवर म्हणाले, "ऐकलं, जेट घेतलंय. मग दहाला आम्हाला हैदराबादला सोडणार की नाही?"

मी म्हणालो, सोडणार म्हणजे काय!

हिशेब केला. ते तिघे, ऋ., मी, आक्का. सहा झाले. सु. आपणहून म्हणाली, मी पुढच्या वेळी बसेन. आधी आक्का एकटी आत बसेल, "आता तुमचं" म्हणेल, मग आपण चढायचं. पाहुण्यांनाही आपली रीत दिसेल. सगळं बसतंय.

९ मे

पाहुणे आले. माणसं बरी आहेत. मुलगा ऋ.शी नीट बोलतो. वडिलांना सगळ्याची किंमत विचारायची सवय.

आक्काला आणायला मोटार पाठवायची होती. दोन्ही मोटारी पाहुण्यांच्या दिमतीला, औंढ्याला दर्शनाला गेल्या. आक्काला फोन केला, ती म्हणाली, "एसटीनं येते की. जिंतूर, परभणी, नांदेड. रफिकला स्टँडावर उभा कर म्हंजी झालं." बरं म्हटलं. बरं म्हणायला नको होतं.

१० मे, अक्षय तृतीया

उडालो. हैदराबादला जाऊन आलो. विमान चांगलं आहे.

आज लिहवत नाही.

११ मे

लिहितो.

पाहुण्यांना काल निघताना आहेर दिला. साड्या, कपडे, आणि आपल्या मिलमधल्या तुरीच्या डाळीचं पोतं, घरच्या हळदीच्या दोन थैल्या. त्यांच्या मोठ्या बॅगा होत्याच. एसटी उशिरा, म्हणून आक्का मागे. ड्रायव्हर रफिक नांदेडच्या स्टँडवर थांबला, आम्ही पुढे गेलो. सु. बाहेर पार्किंगमध्ये आक्काची वाट बघत थांबली, बाकीचे तपासणी करून आत.

विमानाजवळ कॅप्टननी सगळं सामान वजनावर घेतलं. मग मला बाजूला बोलावलं. जाण्यायेण्याचं इंधन टाकीत आहे, दुपारचं ऊन आहे, हवा पातळ आहे. या सामानासकट पाच जण. सहावा हवा असेल तर सामान उतरवा.

एवढंच बोलले. हळू बोलले, पाहुण्यांना ऐकू गेलं नसेल.

पोतं मी स्वतः सकाळी कुंकू लावून दिलेलं. व्याही होणाऱ्या माणसाला दिलेला आहेर त्याच्या डोळ्यांदेखत खाली कसा काढायचा? हे मनात आलं. दुसरं काहीच आलं नाही. उतरायला मीही होतो, हे तर अजिबात आलं नाही.

रफिकला फोन लावला. "आक्का पोचल्या शेठ, गेटापाशीच हाव."

म्हणालो, त्यांना सांग, आज विमान उडत नाही, तपासणी निघालीय.

"शेठ, हे मला नका सांगायला लावू. तुमीच बोला."

मी फोन बंद केला.

मग पाहुणे चढले, ऋ. चढली, मी चढलो. तुरीच्या डाळीचं पोतं मागे पट्ट्याने बांधलं. ऋ. विचारत होती, आत्या कुठंय, आत्या कुठंय. म्हटलं, नंतर सांगतो.

वर गेल्यावर व्याही झोपले. तोंड उघडं टाकून, हैदराबाद येईपर्यंत. त्यांच्या मंडळींनी विचारलं, डाळ गावरान का? मी म्हणालो, हो.

वळताना खाली पार्किंग दिसलं असणार. मी त्या बाजूला बघितलं नाही.

११ मे, संध्याकाळी

परत येताना आम्ही दोघंच. चार सीट रिकाम्या. ऋ. म्हणाली, "बाबा, मी उतरले असते ना. मला विचारायचं तरी." ती पूर्ण वाट बाहेर बघत बसली.

नांदेडला उतरल्यावर सु. दिसली. घरी आल्यावर सांगितलं, तेही भांडून नाही, नुसतं सांगितलं. ते माझ्याच्याने सहन झालं नाही.

रफिकने खाली मान घालून निरोप दिला. आक्का म्हणाली, "असू दे, यंत्र हाय." दोघी टिनाच्या सावलीला बसल्या. तेवढ्यात आवाज आला. आक्का उठून उभी राहिली, डोळ्यावर हात धरून.

"आपलंच ना गं ते?"

सु. खोटं बोलली नाही. "हो."

"वैजू हाय त्यात?"

"हो."

ते दिसेनासं होईपर्यंत बघत होती म्हणे. मग पिशवीतून धपाटे काढले, सु.ला दिले, रफिकला दिले. "खाऊन घ्या, लय ऊन झालंय." स्वतः खाल्लं नाही. म्हणाली, मला जिंतूरची गाडी गाठून दे. सु.ने ऐकलं नाही, रफिकला थेट येलदरीपर्यंत पाठवलं.

पहाटेच्या एसटीने निघाली होती. नवं लुगडं नेसून.

१४ मे

आज आक्काचाच फोन. तिने विचारलं काय, तर, "पाव्हणे नीट पोचले का? ऋतुजाचं काय म्हणले?"

मी सुरू केलं, आक्का, त्या दिवशी तपासणी...

"असू दे रे. यंत्राचा काय भरवसा."

तिला माहीत आहे. तिला माहीत आहे हे मला माहीत आहे. आणि तरी मी "हो ना" म्हणालो. हो ना!

२६ मे

हंगामाची तयारी. कामात डोकं घालून बसलो. येलदरीला जाऊन यावं असं रोज ठरवतो. रोज काहीतरी काम निघतं. म्हणजे काढतो.

रफिक नीट बोलत नाही. शेठ म्हणतो, दार उघडतो, सगळं करतो. पण पूर्वी वाटेने बडबड असायची.

१६ जून, राणीसावरगाव

चुलतभाऊ महालिंगच्या नव्या घराची वास्तुशांती. जायचं टाळत होतो, सु.ने चल म्हटलं. आक्का आधीच आलेली. मला बघून, "वाळलास की रे." एवढंच.

जेवणाची पंगत. बायकांची पंगत पलीकडे, पण आवाज येत होता. कुणीतरी विचारलं, आक्का, पहिलं बसायचा मान तुमचा, मग बसलाव का विमानात?

आक्का म्हणाली, "मग! बसले की."

आणि सांगायला लागली. पट्टा कसा बांधतात. आधी कसं जमिनीवर लय पळतं आणि मग एकदम पोटात खड्डा पडतो. कानात दडे बसतात, मग गोळी चघळायची. खाली गोदावरी दोऱ्यासारखी दिसते. बायका घास विसरून ऐकत होत्या. "भ्या न्हाई वाटलं?" "वाटलं की. पण वैजूनं हात धरला होता ना माझा. सुटेस्तवर सोडला न्हाई."

मला वाढणारा पोरगा म्हणाला, काका, भात? मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही. त्याने वाढला.

पट्टा, कान, गोळी हे तिला ऋ.ने फोनवर सांगितलं असणार. हात धरल्याचं तिचं तिने घातलं.

आपल्या भावाने आपल्याला बसवलं नाही, हे तिला माहेरच्या गावात सांगायचं नव्हतं. माझी अब्रू तिने झाकली, तीही मी बसलेलो असताना, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो. मोकळं करायचं तिच्या मनात नसेल, किंवा असेल. मला तिचं मन कळेनासं झालंय.

१७ जून

हिंमत करून फोन केला. "आक्का, चुकलं माझं. तू कधी म्हणशील तेव्हा, फक्त तू आणि मी. उद्या चल."

आक्का म्हणाली, "आता कशाला रे? आता बसले म्हणून सांगून बसलेय मी. पुन्हा पहिल्यानं बसल्यासारखी भ्याले तर तुझी माणसं बघतील. न्हाई जमायचं ते."

माझ्यासाठी खोटं बोलली, आणि त्या खोट्याने तिचीच वाट बंद झाली. मी डोकं धरून बसलो. सु. आली, चहा ठेवून गेली.

५ जुलै, रायपूर

एकटा आलो. विमानात मी आणि पाच रिकाम्या सीट. कॅप्टन विचारत होते, काही हवं का सर. नाही म्हटलं.

पहिले पंधरा दिवस चढताना छाती फुगायची, हे खरं आहे. आता शिडीवर पाय ठेवला की पार्किंगमधली बाई दिसते.

विकून टाकावं का? मनात येतं. पण तेही स्वतःला बरं वाटावं म्हणूनच. आक्काला त्याचा काय उपयोग.

२० जुलै

हैदराबादचा होकार. सोबत व्याह्यांचा शेरा, "विमान छान, पण पुढच्या वेळी जरा मोठं घ्या, पाय आखडतात."

ऋ. म्हणाली, मला वेळ हवा. मुलाबद्दल तक्रार नाही. मुलाने तिला विचारलं होतं म्हणे, त्या दिवशी तुझी आत्या येणार होती, तिचं काय झालं? तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, अगं, मला सांगायचं, मी ट्रेनने गेलो असतो.

म्हणजे त्या विमानात उतरायला तयार नसलेला मी एकटाच होतो.

८ ऑगस्ट, नागचतुर्थी

आज बहिणींचा भावासाठी उपास. उद्या पंचमी. आक्का दरवर्षी पंचमीला माहेरी येते. यंदा "फवारणी चाललीय, बघू" असं कळवलं होतं. मी स्वतः गाडी घेऊन गेलो. रफिकला सुट्टी दिली, त्याच्यासमोर आक्काच्या दारात उभं राहायची लाज वाटली.

धरणाखालून आत वळलं की त्यांचं घर. दाजी ओसरीवर. "या शेठ, आज जमिनीवरनं?" दाजींच्या बोलण्यात काटा असतो की नसतो, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. आज असणार.

आक्का उपाशी. माझ्यासाठी. आल्या आल्या पाणी दिलं, पोहे टाकले.

तिची जाऊ शेजारी राहते, ती आली. आक्काच्या सासरी हिच्याइतकं तिखट कुणी नाही. पदराने तोंड पुसत, सगळ्यांसमोर मला, "भाऊ, एक विचारू? जाऊबाई विमानात बसल्या म्हणतेत. एवढं मोठं बसणं आन एक फोटो न्हाई? गावात लोक शेळी घेतली तरी फोटो काढायलेत."

आक्का चुलीकडे तोंड करून बसलेली. तिचा हात थांबला, एवढं मला दिसलं.

दाजी माझ्याकडे बघत होते.

खरं सांगायचं होतं, तीन महिने तेच तर उरात घेऊन फिरतोय. पण इथे खरं सांगितलं तर तोंडघशी पडली असती ती. या बाईसमोर, स्वतःच्या घरात, उपाशी. खरं बोलायचा मान मी कधीच घालवून बसलो होतो.

म्हणालो, "विमानतळावर फोटोला बंदी असते वहिनी. कुणालाच काढू देत नाहीत."

माझा स्वतःचा फोटो तिने पाहिला असेल का, पाथरीपर्यंत सगळ्यांच्या फोनवर गेलेला? पाहिला असेल तर बोलली नाही. "असं का," म्हणाली आणि बसली.

आक्काने पोह्यांची ताटली माझ्यापुढे ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"येतेय मी," म्हणाली. "पिशवी भरते."

८ ऑगस्ट, परत आल्यावर

वाटेतलं लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मी ते वेगळंच आठवेन.

जिंतूर मागे पडलं. सोयाबीन गुडघ्याएवढं झालंय, त्यावर बोललो. मग तीच म्हणाली, "बरं बोललास मगाशी. सफाईनं."

मी गिअर बदलला.

"मला खोटं बोलायचं लय जड गेलं वैजू. राणीसावरगावात. रातभर छातीत धडधड. तुला सोपं जातंय."

गाडी बाजूला घेतली. रडू आलं. पन्नाशीचा माणूस, रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली. म्हणालो, आक्का, मार मला, काही कर, पण एकदा बस. तुझ्याशिवाय ते आपलं नाही. बोरीला थांबू, तिथून कॅप्टनला फोन करतो.

ती समोर बघत म्हणाली, "बसंन."

"खरंच?"

"बसंन. सुनंदा आन ऋतुजा घेऊन. आमी तिघी. तू नको."

मला आधी कळलंच नाही.

"तू भायेर थांबायचं. आमी वर गेलाव की खालनं बघायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, बहीण बसलीय माझी, मला जागा नव्हती."

हसत होती का? डोळे माझ्याकडे नव्हते. रागावलेली वाटली नाही. थट्टा म्हणावी तर आवाज तसा नव्हता.

इथे मी लगेच हो म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? कॅप्टन, गेटावरचे शिपाई, नांदेडचे ओळखीचे व्यापारी, रफिक. सगळे बघतायत, मालक बाहेर उभा आहे आणि विमान गेलं.

म्हणालो, "कॅप्टनला विचारून सांगतो."

"विचार," आक्का म्हणाली. आणि पिशवीतून सुपारी काढून कातरायला लागली.

९ ऑगस्ट, पंचमी

मागच्या अंगणात लिंबाला झोका बांधलाय. आक्का, सु., ऋ. आणि शेजारच्या बायका. गाणी चाललीत. आक्काचा आवाज अजून खणखणीत आहे, सगळ्यांच्या वर येतो. सकाळी तिने माझं औक्षण केलं, काल काही झालंच नाही अशी. मी पायाला हात लावला, तिने पाठीवर थाप मारली.

सु.ला कालचं सांगितलं. ती म्हणाली, "मग? झाला का फोन?"

झाला नाही. परवा रविवारी सकाळी विमान मोकळं आहे. ऊन नाही, सामान नाही, तिघीच आहेत. कॅप्टनला विचारण्यासारखं यात काहीही नाही, हे मला काल बाभळीखालीच ठाऊक होतं.

आक्का उद्या दुपारच्या एसटीने परत जायचं म्हणतेय.